आईच्या फाइलमधले शब्द: ब्रॅडीकायनेशिया, रिजिडिटी, रॉम्बर्ग... म्हणजे नेमकं काय?

निंबोणी | रविवार, रात्री ९:४२

इथे मेंदूविकारांतलं कळणारं कुणी आहे का? निदान डॉक्टरांची फाइल वाचता येणारं तरी?

आई ७१ वर्षांची, कराडला भावाकडे असते. साखर पंधरा वर्षांपासून. गेल्या सहा-सात महिन्यांत तिचं सगळंच सावकाश झालंय. निऱ्या घालायला वीस मिनिटं. पोळी लाटताना हात मध्येच थांबतो. चेहरा असा झालाय की माझा भाचा विचारतो, "आजी, माझ्यावर चिडलीस का?" हात मांडीवर ठेवून टीव्ही बघत बसली की उजवा अंगठा आपोआप हलत राहतो.

परवा पुण्यात न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी अगदी नीट तपासलं, पण बाहेर रांग लागलेली. आम्हाला पाच मिनिटांत जे कळलं ते कळलं. फाइलवरचं जसंच्या तसं उतरवते:

"ब्रॅडीकायनेशिया दोन्हीकडे. कॉगव्हील रिजिडिटी. हायपोमिमिया. रेस्ट ट्रेमर उजवा हात, किंचित. आर्म स्विंग कमी. रॉम्बर्ग पॉझिटिव्ह. ॲन्कल जर्क नाहीत. ? पीडी ? डीआयपी. जुनी सगळी औषधं घेऊन या."

भावाने 'पीडी' म्हणजे पार्किन्सन्स हे शोधून काढलं आणि घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे. बाकीच्या शब्दांचं काय? आणि पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं की वाईट, हेसुद्धा मला धड कळत नाहीये.

---

खिडकीतली_मांजर | रविवार, रात्री ९:५८

ताई, आधी भावाच्या हातातला मोबाइल काढून घ्या. माझ्या पापणीचं फडफडणं मी एकदा शोधलं होतं, तिसऱ्या पानावर माझे शेवटचे दिवस आले होते. (जागरण आणि कॉफी होती. आजी म्हणाली, बाईचा डावा डोळा लवला तर चांगलं असतं.)

इथे हातोडीवाले डॉक्टर येतात अधूनमधून. त्यांची वाट बघा.

---

हातोडीवाला | रविवार, रात्री ११:१५

आलो. फाइल लिहिणाऱ्याने काम चोख केलंय, फक्त तुम्हाला सांगायला त्याच्याकडे वेळ उरला नाही. आमच्या धंद्याची ही जुनी खोड आहे, मीही तीस वर्षं तेच केलं.

ब्रॅडीकायनेशिया म्हणजे हालचाली मंदावणं. पण नुसतं सावकाश होणं नव्हे. आम्ही पेशंटला अंगठा आणि तर्जनी पटापट उघडमीट करायला सांगतो. निरोगी म्हातारा माणूस ते सावकाश करील, पण शेवटपर्यंत बोटं तेवढीच उघडील. या आजारात पहिल्या दोन-चार वेळा बोटं पूर्ण उघडतात, मग कमी, मग आणखी कमी, मग जागीच अडकतात. अक्षराचंही तसंच. ओळीच्या सुरुवातीला ठसठशीत, शेवटी मुंगीएवढं. पोळी लाटताना हात थांबतो म्हणालात ना, ते हेच.

रिजिडिटी म्हणजे ताठरपणा. गंमत अशी की तो बऱ्याचदा पेशंटच्या आधी तपासणाऱ्याला कळतो. सैल सोडलेला हात मी मनगटातून फिरवतो तेव्हा तो सगळीकडे सारखाच जड लागतो. त्यात थरथर मिसळली की दातेरी चाकासारखा कट-कट अडखळत फिरतो, म्हणून कॉगव्हील. पेशंट स्वतः मात्र 'खांदा धरलाय' एवढंच म्हणतो. किती तरी पार्किन्सन्सचे पेशंट आधी हाडांच्या डॉक्टरांकडे फ्रोझन शोल्डरचा शेक घेऊन मग आमच्याकडे येतात.

हायपोमिमिया म्हणजे चेहऱ्यावरचे भाव कमी होणं. आजी चिडलेल्या नाहीत, चेहऱ्याचे स्नायूही बोटांसारखेच मंदावलेत. भाच्याला हे जरूर सांगा, पोरं असल्या गोष्टी मनाला लावून घेतात. आर्म स्विंग कमी म्हणजे चालताना हात झुलत नाही, अंगाला चिकटून राहतो.

रेस्ट ट्रेमर म्हणजे हात विसावलेला असताना येणारी थरथर, सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा. काही उचलायला हात पुढे केला की ती थांबते, निदान कमी होते. याच्या बरोबर उलटा प्रकार असतो: मांडीवर हात शांत, पण कप उचलला की चहा बशीत, आणि बँकेत सही जुळत नाही. तो बहुधा इसेन्शियल ट्रेमर. तो घराण्यात चालत येतो, 'आमच्याकडे सगळ्यांचेच हात कापतात' असं लोक सांगतात. दोन्हींची औषधं वेगळी. पण दोघांनाही आपण थरथरच म्हणतो आणि शेजारी दोघांनाही कंपवात म्हणून मोकळे होतात. म्हणून डॉक्टरांना 'हात थरथरतो' एवढंच सांगू नका, काय करताना थरथरतो ते सांगा.

पॉझिटिव्ह म्हणजे ते लक्षण सापडलं. आमच्या भाषेत त्यात आनंदाचं काही नसतं.

आता महत्त्वाचं. डीआयपी म्हणजे ड्रग इन्ड्यूस्ड पार्किन्सनिझम, औषधामुळे आलेली पार्किन्सन्ससारखी अवस्था. त्यांनी जुनी औषधं उगाच मागितलेली नाहीत. साखर-बीपी सोडून आईंना काय काय चालू आहे? ॲसिडिटीची, उलटीची, झोपेची, चक्करची, काहीही. पाकिटावरचं नाव वाचून लिहा.

रॉम्बर्ग आणि ॲन्कल जर्क यांचं प्रकरण मला वेगळं दिसतंय. ते नंतर.

---

निंबोणी | सोमवार, सकाळी ७:२०

डॉक्टर, खूप खूप आभार. भावाने पाकिटं बघून सांगितलं:
मेटफॉर्मिन (साखरेची, सुरुवातीपासून), ॲम्लोडिपिन (बीपीची), आणि सिनारिझिन दिवसातून तीनदा. ही शेवटची १४ महिने चालू आहे. ती चक्करची साधी गोळी, म्हणून पुण्याला जाताना आम्ही घेऊनच गेलो नाही.

---

हातोडीवाला | सोमवार, सकाळी ७:४१

मला भीती होती तेच. आजच न्यूरोलॉजिस्टच्या दवाखान्यात फोन करा आणि हे नाव सांगा. बंद करायची का आणि कशी, ते त्यांनाच ठरवू द्या. इथे वाचून घरी प्रयोग नकोत.

सिनारिझिन वाईट औषध नाही. खरोखर गरगरत असेल तर थोडे दिवस चांगला आराम पडतो. पण ती मेंदूत डोपामिनच्या, म्हणजे हालचालींचे निरोप नेणाऱ्या रसायनाच्या, कामात आडवी येते. म्हाताऱ्या माणसाला महिनोन् महिने दिली तर हुबेहूब पार्किन्सन्ससारखं चित्र तयार होऊ शकतं. अर्धशिशीसाठी देतात ती फ्लुनारिझिन तिची सख्खी बहीण. उलटीची मेटोक्लोप्रामाइड त्यातलीच. आणि आपल्याकडे ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये जोडीला घातलेलं लेव्होसल्पिराइडही. पेशंट म्हणतो 'मी फक्त गॅसची गोळी घेतो', आणि त्याचं म्हणणं खरंच असतं.

आता मला सांगा, आईंना चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं? त्यांच्याच शब्दांत.

---

निंबोणी | सोमवार, रात्री ८:०५

दवाखान्यात फोन झाला. त्यांनी गोळी थांबवायला सांगितली आणि पंधरा दिवसांनी बोलावलंय.

मग आईला फोन लावला. तिचं उत्तर ऐकून मी जागच्या जागी बसले. म्हणाली, "मला कधी चक्कर आली? डोकं गरगरत न्हाई माझं. मी म्हणत हुते, झोक जातोय. तूच डाक्टरला म्हणालीस चक्कर."

खरं आहे. १४ महिन्यांपूर्वी गावातल्या दवाखान्यात मीच बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं काय होतंय, आई म्हणाली झोक जातोय, आणि मी तिचं 'शुद्ध मराठी' केलं.

झोक कधी जातो विचारलं तर म्हणाली, बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की. आणि रात्री दिवा न लावता मोरीकडे जाताना. दिवसाउजेडी नाही. शिवाय चप्पल पायातून निसटलेली तिला कळत नाही, दोनदा एकाच पायात चप्पल घालून देवळातून आली.

---

हातोडीवाला | सोमवार, रात्री ९:१०

निंबोणी, आईंनी रोगनिदान करून दिलं. फी त्यांनाच द्यायला हवी.

माणूस तीन गोष्टींच्या आधारे तोल सांभाळतो: डोळे, कानातला तोलाचा भाग, आणि तळपायांतून-सांध्यांतून मेंदूला जाणारी खबर. पायांची खबर बंद झाली तरी डोळे सांभाळून घेतात. डोळे मिटले किंवा अंधार झाला की माणूस झुकतो. बर्लिनच्या रॉम्बर्ग नावाच्या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात ही परीक्षा सांगितली: पाय जुळवून उभं करा, डोळे मिटायला सांगा, झोक जातो का बघा. आई ही परीक्षा रोज बेसिनपाशी देत होत्या. घोट्यावर हातोडी मारल्यावर पाऊल उडत नाही, ते 'ॲन्कल जर्क नाहीत', तेही यातलंच.

पंधरा वर्षांची साखर हे एक कारण. दुसरं, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की अनेकांचं बी-१२, म्हणजे नर्व्ह धड ठेवणारं जीवनसत्त्व, कमी होतं. ते तपासायला सांगितलंय का विचारा. म्हणजे झोक एका कारणाने जात होता, गोळी भलत्याच कारणाची मिळाली, आणि त्या गोळीने तिसराच त्रास आणला.

आणि स्वतःला दोष देऊ नका. चक्कर शब्द ऐकून मीही अनेकदा पेन उचललंय.

---

पाटावरवंटा | सोमवार, रात्री १०:३३

माझा विषय भाषा, औषध नव्हे, पण राहवत नाही म्हणून.

आपल्याकडे या एका तक्रारीला किती शब्द आहेत बघा. गरगरणं: खोली फिरते. भोवळ किंवा घेरी: आता पडणार, शुद्ध जाणार. डोळ्यांपुढे अंधारी: पटकन उठल्यावर येते ती. झोक जाणं, तोल जाणं: डोकं ठीक, पाय बेइमान. हेलपाटणं: चाललेलं दुसऱ्याला दिसतं ते. माझी आजी यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी वापरत नसे. आम्ही सगळ्यांचं 'चक्कर' करून टाकलं, आणि त्याला सुशिक्षितपणा म्हणतो.

---

हातोडीवाला | सोमवार, रात्री १०:५०

पाटावरवंटा, हा प्रतिसाद छापून दवाखान्यात लावायला हवा. तुमचे शब्द आमच्या विभागणीला जवळजवळ तंतोतंत जुळतात. गरगरणं म्हणजे व्हर्टिगो, बहुधा कानाकडून. कूस बदलताच काही सेकंद खोली फिरत असेल तर कानातले बारीक खडे जागेवरून सरकलेले असतात. मान ठरावीक तऱ्हेने वळवून ते परत बसवता येतात, गोळी लागतेच असं नाही. अंधारी येणं रक्तदाबाकडे बोट दाखवतं. तोल जाणं पायांकडे किंवा लहान मेंदूकडे. लहान मेंदूचा असेल तर डोळे उघडे असतानाही माणूस दारू प्यायल्यासारखा पाय फाकवून चालतो. त्याला अटॅक्सिया म्हणतात.

---

गावठी_गवार | मंगळवार, दुपारी १:२५

शब्दाच्या घोळाचा आमचाही एक किस्सा. वडिलांना नऊ वर्षं पार्किन्सन्स आहे, लेव्होडोपाच्या गोळ्या चालू (मेंदूत गेल्यावर तिचं डोपामिन होतं). तीन वर्षांपूर्वी त्यांचं अंग फार हलायला लागलं. मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं, "थरथर वाढलीय." त्यांनी डोस वाढवला. हलणं आणखी वाढलं. परत फोन, परत तेच शब्द. महिनाभराने खुर्चीत बसणं मुश्कील झालं तेव्हा समक्ष घेऊन गेलो. डॉक्टर दारातूनच म्हणाले, "अहो, ही थरथर नाही!"

ती डिस्कायनेशिया होती. थरथर कशी एका तालात, बारीक, मागेपुढे. हे म्हणजे मान झुलतेय, खांदा वळतोय, पाय आपसूक उचलला जातोय, वाऱ्यात वेल हलावी तसं. थरथर औषध कमी पडलं की येते, डिस्कायनेशिया बहुतेक वेळा औषधाचा जोर शिखराला असताना. म्हणजे उपाय अगदी उलटे. मी एका शब्दाने महिनाभर वडिलांना उलट्या दिशेने ढकलत होतो.

तेव्हापासून मी फोनवर वर्णन करतच नाही. व्हिडिओ काढतो आणि गोळी किती वाजता घेतली होती ते लिहून पाठवतो. आमच्याकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबासारखे 'ऑन' आणि 'ऑफ' लिहिलेले असतात. ऑन म्हणजे गोळी लागू आहे, वडील पेपर वाचतात, मला शिव्या देतात. ऑफ म्हणजे उतरली, खुर्चीतून उठवत नाही.

आणि हो, गोळी जेवणाआधी अर्धा तास. वरण-पनीर-अंड्यांबरोबर घेतली तर प्रथिनं तिची वाट अडवतात. हे कळायलाही आम्हाला दोन वर्षं लागली.

---

चरकचाहता | मंगळवार, दुपारी ३:४०

आयुर्वेदात कंपवात आधीपासून आहे. कपिकच्छूच्या म्हणजे कुयलीच्या बिया द्या, सगळं नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही. गोळ्यांच्या नादी कशाला लागता?

---

गावठी_गवार | मंगळवार, दुपारी ३:५२

दादा, कोकणात शेंगेला हात लावून बघा एकदा, नैसर्गिक म्हणजे काय ते दोन दिवस खाजवत बसाल.

---

हातोडीवाला | मंगळवार, सायंकाळी ६:१५

चेष्टा नको, कुयलीचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तोच धोका आहे. तिच्या बियांत खरंच लेव्होडोपा असतं. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते बियांतून वेगळं काढून दाखवलं होतं. तेव्हा त्याचा पार्किन्सन्सवर उपयोग होईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, गोळ्यांचा वापर रुळला तो १९६० नंतरच्या दशकात. पण चूर्णाच्या एका चमच्यात किती लेव्होडोपा आहे हे कुणी सांगत नाही. पेशंट गोळीही घेतो, चूर्णही घेतो, डॉक्टरांना सांगत नाही, आणि मग गवारांच्या वडिलांसारखं अंग वळायला लागतं. घ्यायचंच असेल तर निदान सांगून घ्या.

निंबोणींच्या आईंचं तर कारणच वेगळं असण्याची शक्यता आहे. त्यांना काही द्यायच्या आधी काय काढून घ्यायचं ते बघायचंय.

---

सोलापुरी_चादर | मंगळवार, रात्री ९:३०

आमच्याकडचा शब्द कुणी घेतला नाही अजून. "अंगावरून वारं गेलं." आमच्या चुलत्यांचं सकाळी सहाला तोंड वाकडं झालं, डावा हात गळाला. गावात एकमत झालं, वारं गेलं. वाऱ्याला औषध काय, तर कबुतराचं रक्त चोळायचं. कबूतर शोधण्यात दुपार गेली. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, हे आम्हाला संध्याकाळी सोलापूरच्या दवाखान्यात कळलं.

---

पाटावरवंटा | मंगळवार, रात्री ९:४८

फार वाईट वाटलं.
पक्षाघातातला 'पक्ष' म्हणजे बाजू, अर्धं अंग. कुणी तरी त्याचा पक्षी केला आणि कबुतराचा जीव गेला की काय, अशी मला कायम शंका आहे. पुरावा काही नाही.

---

हातोडीवाला | मंगळवार, रात्री १०:२०

'वारं' हा शब्द दोन वेगळ्या आजारांना लावतात, हेही यात आहे. नुसत्या चेहऱ्याचं वारं, म्हणजे बेल्स पाल्सी, त्यात त्या बाजूचा डोळा मिटत नाही आणि कपाळाला आठी पडत नाही. मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळाला आठी पडते, फक्त ओठ ओघळतो, आणि जोडीला हात-पाय किंवा बोलणं जातं. पण घरच्यांनी ही परीक्षा घेत बसू नये. तोंड वाकडं दिसलं की घड्याळ बघा आणि गाडी काढा. 'शेवटचे धड कधी होते?' हा आमचा पहिला प्रश्न असतो.

---

खिडकीतली_मांजर | बुधवार, सकाळी ११:०२

माझा छोटा प्रश्न. मुंग्या येण्याला काय म्हणतात? आणि डॉक्टरांना 'मुंग्या' सांगितलं तर हसतात का?

---

हातोडीवाला | बुधवार, दुपारी २:१०

मुळीच नाही. एकूण झिणझिण्या-बधिरपणाला पॅरेस्थेशिया म्हणतो. पण अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटण्याला खास शब्द आहे, फॉर्मिकेशन. त्याचं मूळ लॅटिनमधल्या फॉर्मिका या शब्दात, म्हणजे मुंगी! लॅटिनवाल्यांना आणि आपल्याला एकच कीटक सुचला.

खरी पंचाईत होते ती 'नस' या शब्दाने. 'नस दबली' म्हणजे नर्व्ह, 'नस फुगली' म्हणजे शीर, 'नस लचकली' म्हणजे स्नायू, आणि 'नसेवर नस चढली' म्हणजे पेटका. एक आजोबा म्हणाले, "डॉक्टर, सगळ्या नसा तपासा." मी म्हटलं, आजोबा, तीन डॉक्टर लागतील.

---

साय_आणि_साखर | बुधवार, रात्री १०:४५

एक मोठ्या नावाचा छोटा त्रास मीही सांगते. भावाला मानसिक आजारासाठी गोळ्या सुरू केल्यावर आठवड्यात तो येरझारा घालायला लागला. म्हणायचा, "जीव घाबरतोय, बसवत नाही." आम्ही 'जीव घाबरतोय' एवढंच सांगितलं. आजार वाढला समजून गोळी वाढली, येरझारा वाढल्या. शेवटी एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आतून घाबरतोय, की पाय बसू देत नाहीत?" तो म्हणाला, पाय. अकाथिसिया. या शब्दाचा अर्थच 'बसता न येणं' असा आहे म्हणे. औषध बदललं, चार दिवसांत बसून जेवला.

---

अमरकोश | गुरुवार, सकाळी ९:१५

या सर्व संज्ञांना मराठी पर्याय रूढ केले तर हे गोंधळ होणारच नाहीत. ब्रॅडीकायनेशिया: चेष्टामांद्य. रिजिडिटी: स्तब्धता. डिस्कायनेशिया: विचेष्टा. हायपोमिमिया: मुखभावन्यूनता.

---

गावठी_गवार | गुरुवार, सकाळी ९:२१

माझ्या वडिलांना मुखभावन्यूनता आहे असं मी त्यांना सांगितलं तर ती लगेच बरी होईल, इतके ते हसतील.

---

हातोडीवाला | गुरुवार, रात्री ९:००

अमरकोश, तळमळ समजते. पण नाव संस्कृतात घातल्याने गोंधळ जातोच असं नाही. 'कंपवात' हेच बघा. पार्किन्सन्सच्या बऱ्याच पेशंटना कंप नसतोच, त्यामुळे घरचे म्हणतात हात कुठे हलतोय, मग कंपवात कसा? जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये जो निबंध लिहिला, त्याच्या नावातही थरथरणारा लकवाच होता. त्याने सहा माणसांचं वर्णन केलं, त्यातली काही तर लंडनच्या रस्त्यावर नुसती दिसलेली. पुढे पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी नेमकी हीच हरकत घेतली: सगळ्यांना थरथर नसते, आणि ताकदही तशी गेलेली नसते, मग थरथरणारा लकवा कसा म्हणायचा? म्हणून त्यांनी आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं. लक्षणाचं नाव अर्धवट असण्यापेक्षा माणसाचं नाव बरं, त्याने निदान दिशाभूल होत नाही.

आपल्याकडे बनलेला मला आवडलेला शब्द वेगळाच आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. असा शब्द कोशातून काढून मिळत नाही. कुणाला तरी 'पेशंट' म्हणवून घ्यायचा कंटाळा यावा लागतो.

---

निंबोणी | (साडेतीन महिन्यांनंतर) शनिवार, सायंकाळी ७:३०

धागा वर काढतेय. पुष्कळांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं म्हणून.

बी-१२ अगदी तळाला गेलं होतं. इंजेक्शनं झाली, आता महिन्याला एक. सिनारिझिन बंद करून साडेतीन महिने झाले. पहिला महिना काहीच फरक नव्हता, भाऊ म्हणत होता डॉक्टर बदलू. मग एके दिवशी भाच्याचा फोन आला, "आजी हसली, दात दिसले." आता निऱ्या सात-आठ मिनिटांत. चालताना डावा हात झुलतो, उजवा अजून नाही. उजव्या अंगठ्याची थरथर आहेच, थोडी कमी.

न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, सहा महिने वाट बघू. पूर्ण गेलं तर गोळीचंच होतं. राहिलं तर आतून सुरू होऊ पाहणाऱ्या पार्किन्सन्सला गोळीने लवकर उघडं पाडलं असेल, मग ट्रोडॅट स्कॅन (मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी शाबूत आहेत का ते दाखवणारा) करून बघू. फक्त गोळीमुळे असेल तर तो स्कॅन नॉर्मल येतो म्हणाले.

यावेळी डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतो, तेव्हा मी तोंड उघडलं नाही. आई बोलली. "झोक कमी जातोय, पर उंबऱ्यापाशी पाय रुसतात." त्यांनी ते तसंच्या तसं मराठीत फाइलवर लिहिलं, अवतरणचिन्हांत.

---

हातोडीवाला | शनिवार, रात्री ८:१५

पाय रुसतात! आम्ही फ्रीझिंग म्हणतो. माणूस चालत येतो आणि दारात, वळणावर पाय जमिनीला खिळतात. ढकलू नका, हात धरून ओढूही नका, पडतील. उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवा आणि पट्टी ओलांडायला सांगा. 'चला' म्हटल्यावर न उचलणारा पाय 'ओलांडा' म्हटल्यावर उचलला जातो. हे मात्र पुढच्या भेटीत आवर्जून सांगा, नुसत्या गोळीच्या त्रासात ते कमी दिसतं.

---

गावठी_गवार | शनिवार, रात्री ८:४०

आमच्याकडे या पट्ट्या आहेत. वडील त्यावरून असे जातात जणू खाली ओढा आहे. फरशीच्या उलट रंगाच्या घ्या फक्त, आम्ही आधी मातकट लावल्या होत्या, त्यांना दिसल्याच नाहीत.

---

निंबोणी | रविवार, सकाळी ८:५५

फरशी पांढरी आहे. भावाने रात्रीच बाजारातून पिवळ्या आणल्या. आई म्हणतेय लाल हव्या होत्या, उंबऱ्याला शोभल्या असत्या.